सासूबाईंचं रिचार्ज



कशेडीच्या घरी सासूबाई एकट्या. पावसात घाटात दरड आली की फोनचाच आधार. नेट लागतं ते पर्युषणात प्रवचनाला आणि रविवारी नातवाला बघायला. तरी मी रोज दीड जीबीचा पॅक मारायची. त्या म्हणाल्या, "आपण ताट धुऊन पितो, आणि हे रोज उष्टं टाकायचं?"

ट्रायच्या डिसेंबर 2024 च्या नियमामुळे नुसत्या कॉल-एसएमएसचं रिचार्जही मिळतं. अशा व्हाउचरची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. ओट्यावर कुठल्या सिमला रेंज येते ते पाहिलं, वर छोटं डेटा व्हाउचर चालतं ना, हे दुकानात विचारलं, मगच घेतलं.

भोगोपभोग परिमाण व्रत मला पाठ होतं. पाळायला सासूबाईंनी शिकवलं.