तांबडी शाई

2022 साली पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत एकही संघ करंडकास पात्र नाही, असा निर्णय परीक्षकांनी दिला, तेव्हा आमच्या ग्वाल्हेरच्या मंडळींतही बराच खल झाला. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरवीत आली आहे. कितीतरी नवोदितांच्या पहिल्यावहिल्या एकांकिका तिच्या निमित्ताने रंगमंचावर आल्या. कोणी परीक्षकांच्या कठोरपणास नावे ठेवली, कोणी त्यांची निःस्पृहता वाखाणली. मी मात्र गप्प राहिलो. मला माझाच एक निर्णय आठवला.

वीसएक वर्षांपूर्वी येथील गणेशोत्सवातील एकांकिका-लेखन स्पर्धेचा मी परीक्षक होतो. पारितोषिक अवघे 101 रुपयांचे. आलेल्या चार संहितांपैकी एक माझ्याच माजी विद्यार्थ्याची होती. लष्कर भागातील वडिलोपार्जित वाडा विकावा की राखावा, यावर दोन भावांचा वाद, एवढाच विषय. पात्रे मात्र "मी येऊन राहिलो आहे" अशी, आपण घरात बोलतो तशीच, हिंदीच्या वळणाची मराठी बोलत होती. एम. ए. च्या अभिमानात मी तांबड्या शाईने पानेच्या पाने रंगविली, 'भाषा अशुद्ध' असा शेरा मारला आणि त्या वर्षी पारितोषिक कोणासही दिले नाही.

संहिता परत नेताना तो एवढेच म्हणाला, "सर, नाटक कसं आहे, ते लिहिलं नाहीत."

मी निरुत्तर झालो. मी व्याकरण तपासले होते. नाटक वाचलेच नव्हते. पुढे तो हिंदीत लिहू लागला. मराठीकडे पुन्हा वळला नाही.

1961 साली कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन आपल्या ग्वाल्हेरीत भरले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु नवी पिढी लिहिती राहिली नाही, तर नुसत्या आठवणींवर भाषा किती काळ तग धरणार?

पारितोषिक रोखून धरण्याचा अधिकार परीक्षकास जरूर आहे. मात्र लेखकास काय सांगावयाचे आहे ते आधी समजून घेणे आणि उणीव कोठे राहिली ते त्याला नीट सांगणे, हे कर्तव्यही त्याचेच. म्हणून यंदा पुन्हा परीक्षक होण्याची विनंती आली, तेव्हा मी एकच अट घातली : प्रत्येक संहितेसोबत पानभर अभिप्राय जाईल, पारितोषिक मिळो वा न मिळो.

तीन संहिता आल्या आहेत. एकीत 'येऊन राहिलो' आहेच. तांबडी शाई मी शाळेतच ठेवून आलो आहे.