डबल बेल

परदेशात जाऊन मोटार चालवावी, असा योग माझ्या पत्रिकेत नव्हता. डोंबिवलीहून शाखेत मी गेली बावीस वर्षं लोकलने, एका पायावर, जातो. घरची जुनी मारुती रविवारी भाजी आणायला बाहेर निघते आणि भाजीपेक्षा जास्त पेट्रोल खाऊन परत येते. बी.कॉम. झालेल्या माणसाला डावी बाजू डेबिटची नि उजवी क्रेडिटची, एवढं कळलं की निवृत्तीपर्यंत बाकी काही कळावं लागत नाही. तरीही गेल्या मे महिन्यात फ्रान्समधल्या लिऑन शहरात (शेवटचा ‘न’ नाकात ढकलायचा असतो) मी भाड्याने मोटार घेतली आणि चालवली. याला कारण आमचे अण्णा.

अण्णा एसटीत ड्रायव्हर. चिपळूण डेपो. एकतीस वर्षांपैकी निम्मी कुंभार्ली घाटात गेली. आता वय सत्त्याहत्तर. सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांच्या लायसन्सची मुदत संपत आली होती. नूतनीकरणाचा अर्ज भरून द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते विसरलो. म्हणजे मी विसरलो असं घरात ठरलं. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मारुतीची किल्ली खुंटीवर माझ्या बाजूला आली, एवढंच.

तर मेहुणी आणि साडू लिऑनमध्ये असतात, त्यांनी आम्हाला बोलावलं. मी, सौ. आणि अण्णा. साडू तिथे नऊ वर्षं आहेत आणि त्यांच्याकडे गाडी नाही. ‘मेट्रो आहे ना!’ असं ते म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला कौतुकाने मेट्रोच्या ‘डी’ लाइनवर नेलं. डब्यात शिरल्याबरोबर अण्णा सवयीप्रमाणे ड्रायव्हरला रामराम करायला पुढे गेले. पुढे काच होती आणि काचेपलीकडे बोगदा.

‘‘ड्रायव्हर कुठंय?’’

‘‘नाहीये अण्णा,’’ साडू अभिमानाने म्हणाले, ‘‘ही लाइन १९९२ पासून ड्रायव्हरशिवाय चालते.’’

अण्णा पुढच्या स्टेशनावर उतरले. ज्या गाडीला ड्रायव्हर नाही त्या गाडीत मी बसणार नाही, हे त्यांनी प्लॅटफॉर्मवर उभं राहून अशा आवाजात सांगितलं की, तीन फ्रेंच माणसंही उतरली. आता या माणसाला शहर दाखवायचं कसं? सौ. म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही ते कल्याणच्या आरटीओतून आणलंय ना?’’

‘ते’ म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. हजार रुपये फी, मुदत एक वर्ष. मी ते मित्रांना दाखवण्यासाठी काढलं होतं, चालवण्यासाठी नव्हे.

गाडी भाड्याने मिळते ती पार्ट-द्यू स्टेशनापाशी. तिथल्या काउंटरवर पहिल्यांदाच मी काचेच्या चुकीच्या बाजूला उभा होतो. मी डेबिट कार्ड दिलं. त्या तरुणाने ते दोन बोटांत धरून परत केलं. क्रेडिट कार्डच हवं आणि तेही जो चालवणार त्याच्याच नावाचं. साडूंचं चालेना. वाचवलं ते एका मार्चअखेरीने. तीन वर्षांपूर्वी टार्गेट भरत नव्हतं म्हणून साहेबांनी शाखेतल्या प्रत्येकाच्या गळ्यात एकेक क्रेडिट कार्ड मारलं होतं. मी ते पाकिटात गणपतीच्या फोटोमागे ठेवलं होतं. कार्ड मशीनमध्ये गेलं आणि अनामत म्हणून बाराशे युरो अडकले. आम्ही लोकांच्या खात्यावर लीन मार्क करतो तेव्हा मला कधी काही वाटलेलं नाही. त्या दिवशी पोटात खड्डा पडला.

मग तो तरुण ‘फ्राँशीज’, ‘फ्राँशीज’ असं काहीतरी समजावू लागला. मला वाटलं, हा मला त्यांच्या कंपनीची चिपळूणची फ्रँचाइज देतोय. साडूंनी खुलासा केला : गाडीला धक्का लागला तर विमा कंपनीच्या आधी जी रक्कम आपल्या खिशातून जाते, तिला फ्रेंचमध्ये फ्राँशीज म्हणतात. मी चिपळूणचा विचार सोडला आणि सही केली.

व्हेज नावाच्या भागात साडूंच्या घरापर्यंत मी गाडी कशी आणली, त्याचं वर्णन करत नाही. गिअर उजव्या हाताला असतो, पण माझा डावा हात दर वेळी दरवाज्याला हस्तांदोलन करी. आपल्याकडे जिथे इंडिकेटर, तिथे त्यांचा वायपर. कडक उन्हात मी प्रत्येक वळणावर काच पुसत होतो.

खाली अण्णा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. त्यांनी चालत येऊन सवयीने गाडीचा उजवा दरवाजा उघडला आणि आत बसले. मग समोर पाहिलं. एकतीस वर्षं जिथे स्टिअरिंग असायचं, तिथे एक कप्पा होता. त्यांनी तो उघडला, आत डोकावले, बंद केला.

‘‘चल,’’ म्हणाले.

लिऑनमध्ये ३० मार्च २०२२ पासून जवळजवळ सगळ्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटर ही मर्यादा आहे. (‘‘आमच्या डेपोत गाडी दुरुस्तीहून आली की एवढीच पळायची,’’ अण्णा.) तीसच्या वेगाने काय बिघडणार, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. तेवढ्यात उजवीकडच्या एका बोळातून एक आजीबाई छोट्या गाडीतून बाणासारख्या बाहेर आल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अण्णांचा उजवा पाय जमिनीवर धाडकन आदळला. तिथे ब्रेक नव्हता. तो माझ्या बाजूला होता, आणि मी तो लावला तेव्हा दोन गाड्यांत वीतभर अंतर उरलं होतं. मी हॉर्नकडे हात नेला, तर मागून मेहुणी ओरडली की, शहरात अगदी समोर धोका असल्याशिवाय हॉर्न वाजवायला बंदी आहे. धोका तर निघून गेला होता, वर हात करून.

चूक माझीच होती. याला ‘प्रिओरिते आ द्रुआत’ म्हणतात. जिथे वेगळी पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला, मग तो बोळातून येवो की राजवाड्यातून. रस्त्याकडेला पिवळ्या चौकटीची पाटी, टोकावर उभी केलेली, दिसली तर मान आपला. पण ती बघावी की गिअर शोधावा? अण्णांनी नियम एकदाच ऐकला. ‘‘उजवी बाजू मी बघतो,’’ म्हणाले, ‘‘तू पुढे बघ.’’

त्यानंतर प्रत्येक तोंडाशी अण्णा मान वळवून बघत आणि बोटातल्या अंगठीने काचेवर वाजवत. एकदा टक, म्हणजे थांब. दोनदा टक टक, म्हणजे जाऊ दे. एसटीतला कंडक्टर घंटी मारतो तसं. जन्मभर ज्यांनी दुसऱ्याच्या घंटीवर गाडी हाकली ते आता घंटी मारत होते आणि गाडी माझ्या हातात होती.

निघालो होतो ल्युमिएर बंधूंचं घर बघायला. अण्णा सिनेमावेडे. ७ जुलै १८९६ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचा सिनेमा दाखवला गेला, हे त्यांना पाठ. वाटेत फुर्विएर टेकडीखालचा बोगदा लागतो. १९७१चा, पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. बोगद्यात टक टक ऐकू आली नाही की काय कोण जाणे, पण बाहेर पडल्यावर मी चुकीची लेन धरली आणि डोक्यावर पाटी आली : मार्सेय.

‘‘मार्सेय?’’ अण्णा ताठ बसले. ‘‘सावरकरांनी उडी मारली ते?’’

‘‘तेच. तीनशे किलोमीटर आहे.’’

‘‘मग डिझेल बघ.’’

मला १९१० सालची ती उडी इतकी जवळून कधीच कळली नव्हती. पोर्टहोल असतं तर मीही मारली असती.

पहिल्या फाट्याने बाहेर पडलो ते एका उपनगरात. तिथे चौकात दोन पाट्या. एक डावीकडे बाण : ‘तूत दिरेक्सियों’, म्हणजे सर्व दिशा. दुसरी उजवीकडे : ‘ओत्र दिरेक्सियों’, म्हणजे इतर दिशा. आता सर्व दिशा डावीकडे गेल्यावर इतर उरल्या कुठे? आमच्या ट्रायल बॅलन्समध्ये असा प्रकार निघाला तर ऑडिटर जेवायला जात नाही. मी गाडी बाजूला घेतली. अण्णांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. ‘‘सर्व दिशांना जा,’’ म्हणाले, ‘‘आपल्याला त्यातली कुठली तरी लागणारच.’’ ती लागली.

ल्युमिएरांचा वाडा मोंप्लेझिर भागात आहे. १८९५ साली त्यांनी आपल्याच कारखान्यातून सुटणारे कामगार चित्रित केले. कामगार सुटल्याबरोबर घरी जातात, यावर सिनेमा! माझ्या मते ही कला तिथेच कळसाला पोचली. बाहेर आल्यावर समोरच मेट्रोचं स्टेशन दिसलं. नाव : ‘मोंप्लेझिर-ल्युमिएर’. लाइन ‘डी’. साडूंच्या घराखालून थेट. मी अण्णांकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी परत करायची होती, टाकी भरून. पंपावर ‘गाझोल’ लिहिलेली नळी होती. गॅसोलिनचा भाऊ समजून मी ती उचलणार, तोच अण्णांनी नुसता वास घेतला. ‘‘डिझेल आहे. ठेव.’’ आमची गाडी पेट्रोलची, आणि पेट्रोलला तिथे ‘एसाँस’ म्हणतात. सौ.ने विचारलं, व्हॅनिला की वेलची?

पार्ट-द्यूच्या तळमजल्यावर गाडी उभी केली. तो तरुण कागद घेऊन यायला वेळ होता. सौ. आणि मेहुणी वर गेल्या. मी किल्ली काढली, बाहेर आलो आणि का कोण जाणे, डावा दरवाजा उघडाच ठेवला.

अण्णा वळसा घालून आले. आत बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, आरसा आपल्या मापाने हलवला. गिअर तटस्थ आहे की नाही, ते बघितलं. बंद गाडीत समोरच्या खांबाकडे दोनेक मिनिटं बघत होते.

‘‘तू काही अर्ज विसरला नव्हतास,’’ ते म्हणाले.

मी टायरकडे बघत होतो.

‘‘बरं केलंस. मला त्या वेळी रात्रीचं दोन-दोन दिसायचं. चिंधी बांधलेली म्हैस की दोन माणसं, कळायचं नाही.’’ ते उतरले. ‘‘स्टिअरिंग हलकं आहे. घाटात चालायचं नाही.’’

तरुणाने गाडी चहूबाजूंनी तपासली. ओरखडा नाही. बाराशे युरो सुटतील म्हणाला. किती दिवसांनी, ते विचारल्यावर त्याने जे खांदे उडवले ते मी ओळखले. काउंटरवर आम्हीही तसेच उडवतो.

परतायला आता मेट्रोशिवाय गत्यंतर नव्हतं. सॅक्स-गाम्बेत्ताला गाडी बदलून ‘डी’ लाइनवर आलो. अण्णा काही न बोलता पहिल्या डब्यात शिरले, अगदी पुढे, काचेपाशी. तिथली जागा रिकामी होती. उजवीकडची. ते बसले, पाठ सरळ केली, हात गुडघ्यांवर घेतले आणि बोगद्याकडे पाहू लागले.

मी त्यांच्या मागे उभा राहिलो. दारं लागली. मी लग्नातली अंगठी दांडीवर वाजवली : टण टण.

गाडी हलली.

अण्णांनी घड्याळात पाहिलं. ‘‘दोन मिनिटं लेट,’’ म्हणाले, ‘‘कंडक्टर नवीन दिसतोय.’’