परमनंट व्हायचंय? आधी विचार करा!

स्वल्पविरामावरून कुणी भांडतं का? आमच्या नातेवाइकांत भांडतात! एका बाजूला धारूरजवळच्या गावात राहणारी माझी मावशी आणि दुसऱ्या बाजूला पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेला तिचा मुलगा. मावशी गावातल्या बचत गटांच्या ग्रामसंघाचा हिशेब बघते. भाऊरायांनी आईसाठी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. महिन्याचा अहवाल छापून आला, त्यात एकूण रक्कम होती १,२४५,०००. बैठकीत बायका म्हणाल्या, ‘‘आवं, हे सव्वा लाख का बारा लाख?’’ ज्यांची अर्धी घरं दिवाळीच्या आसपास उचल घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांच्यासाठी हा प्रश्न किती गंभीर असेल, सांगायला नकोच.

दोष तसा भाऊचाही नाही. पायथनमध्ये आकड्यांत स्वल्पविराम टाकायची सोय आली ती रेमंड हेटिंगर यांच्या २००९ च्या प्रस्तावामुळे. ती दर तीन अंकांनी तुकडा पाडते. हजार, मिलियन, बिलियनवाल्यांचं काम झालं. आपलं गणित मात्र आधी तीन अंक, मग दोन-दोन. लाख, कोटी. त्यासाठी पायथनमध्ये ‘लोकेल’ नावाचा एक मार्ग आहे, पण तो त्या-त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगवर अवलंबून. ग्रामसंघाच्या जुन्या मशीनवर तो चाललाच नाही. मग पठ्ठ्याने स्वतःचं मोड्यूल लिहिलं आणि रक्कम झाली १२,४५,०००. मावशी खूश!

इथपर्यंत ठीक होतं. पण एका रात्री त्याचा फोन. ‘‘ताई, हे पायथनच्या आतच टाका म्हणून प्रस्ताव देतो. आपला लाख-कोटी जगात सगळीकडे!’’

‘आत’ म्हणजे काय, हे मला त्याच्याकडून समजून घ्यावं लागलं. पायथन घेतलं की सोबत एक भरलेला मिसळणाचा डबा येतो. मोहरी, जिरं, हळद सगळं हाताशी. त्याला म्हणतात स्टँडर्ड लायब्ररी. त्याबाहेर मोठा बाजार आहे, पायपीआय नावाचा. तिथे पाच लाखांहून जास्त पॅकेजेस आहेत, कुणीही आपलं दुकान मांडावं. भाऊला दुकान उचलून थेट डब्यात बसायचं होतं.

बसता येतंही बरं का. टाइमझोनचं काम वर्षानुवर्षं बाहेरचं एक पॅकेज करायचं; २०२० मध्ये पॉल गॅन्सल यांच्या प्रस्तावानं ‘झोनइन्फो’ डब्यात आलं. २०२२ मध्ये टॉम्ल फाइल वाचणारं ‘टॉम्ललिब’ आलं, तेही आधी बाहेरच ‘टॉम्लाय’ म्हणून नावारूपाला आलेलं. पण रस्ता लांबचा. आधी चर्चा करायची, मग पीईपी नावाचा रीतसर प्रस्ताव लिहायचा. तुम्ही स्वतः कोअर डेव्हलपर नसाल तर त्यांच्यापैकी कुणीतरी पाठीराखा हवा. शेवटी निकाल पाच जणांच्या स्टीअरिंग कौन्सिलचा किंवा ते नेमतील त्या माणसाचा. आणि प्रश्न काय विचारतात? किती लोक वापरतात? किती वर्षं टिकलंय? आणि सगळ्यात अवघड प्रश्न, उद्या ते सांभाळणार कोण?

खरी गंमत पुढे आहे. ‘रिक्वेस्ट्स’ हे इंटरनेटवरून माहिती आणणारं पॅकेज पायथनवाल्यांचं भलतंच लाडकं. २०१५ मध्ये त्याला आत घ्यावं का, यावर चर्चा झाली आणि ठरलं, बाहेरच बरं! कारण सुरक्षेची चूक सापडली तर बाहेरचं पॅकेज लगेच दुरुस्त होऊन बाजारात येतं. आत गेलात की पायथनच्या वेळापत्रकाला बांधले गेलात. मोठी आवृत्ती वर्षातून एकदा, आणि आज ठेवलेलं नाव उद्या मनात आलं म्हणून बदलायची सोय नाही.

बरं, आत गेलं म्हणजे कायमचं असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ मधून तब्बल १९ जुनी मोड्यूल्स काढून टाकली. एकेकाळी वेबसाइट बनवणाऱ्यांचं पान ज्याच्याशिवाय हलत नसे, ते ‘सीजीआय’सुद्धा गेलं. सांभाळायला माणसं नव्हती आणि काळही बदलला होता.

हे ऐकताना मला स्वतःचीच आठवण येत होती. मासकॉम करून पाच-सहा वर्षं झाली, मी अजून फ्रीलान्स करते. सीताफळाच्या दिवसांत धारूरला गेले की एसटी स्टँडपासून घरापर्यंत तीन जण तरी विचारतात, ‘‘परमनंट कधी होणार?’’ आणि महिनाअखेरीला चेक अडकला की मलाही वाटतं, व्हावं बाबा एकदाचं आत. पगार, पीएफ, ओळखपत्र. बाहेर असण्याचं कौतुक पोट भरलेलं असताना करणं सोपं असतं.

पण त्या मोड्यूलमुळे माझा प्रश्न बदलला. आत की बाहेर, हे इज्जतीचं माप नाहीच. कामाचा स्वभाव काय आहे, ते बघायचं. फाइल वाचण्यासारखं, सगळ्यांना रोज लागणारं आणि फारसं न बदलणारं काम असेल तर आत जावं. सतत बदलावं लागणारं असेल तर बाहेर राहावं, पण मग जबाबदारीही पूर्ण आपली.

भाऊने प्रस्तावाचा कच्चा खर्डा लिहिला. ‘पुढची दहा वर्षं कोण सांभाळणार’ या ओळीपाशी तो थांबला. सध्या मोड्यूल बाहेरच आहे. आधी आणखी चार गावांतले हिशेब त्यावर चालू देत, मग बघू, म्हणाला. मला त्याचं हे उत्तर आवडलं. कोटी लोकांच्या डब्यात जागा मागण्याआधी चाळीस बायकांचा आकडा रोज बरोबर येतोय ना, हे बघणारा माणूस मला भरवशाचा वाटतो.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी कुणी ‘परमनंट कधी?’ विचारलं तर चिडू नका. विचारणाऱ्याला नाही, स्वतःलाच एक प्रश्न विचारा: आपण जे करतोय, ते पुढची दहा वर्षं सांभाळायची तयारी आहे का? ‘हो’ असेल, तर आत काय नि बाहेर काय!