फॉरमॅट मारायच्या आधी

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात ‘फॉरमॅट मारून टाकू’ हे वाक्य रोजचं आहे. साध्या व्हायरससाठी ते चालूनही जातं. पण तासगावातल्या एका फोटो स्टुडिओच्या मशीनवर त्या दिवशी कुणी फॉरमॅट मारलं असतं, तर काही लग्नांचं शूटिंग कायमचं गेलं असतं. २०२१ च्या निर्बंधांतली ती लग्नं, पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकलेली. मांडवात येऊ न शकलेल्या आत्या-मामांसाठी तो व्हिडिओ हेच लग्न होतं.

स्टुडिओवाल्यांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चिरकत होता. “सर, एकबी फोटो उघडंना. सगळ्या फायलींच्या नावापुढं कसलीतरी चार अक्षरं लागल्यात.”

“आधी नेटची वायर काढा,” मी म्हणालो. “बाहेरची हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, जे लावलं असेल ते काढा. नावं बदलू नका, काही डिलीट करू नका. मी येतो.”

पोचलो तर प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक टेक्स्ट फाइल होती. फाइली उघडून देण्याची किंमत ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मी, म्हणजे ४९०. भरवसा पटावा म्हणून एक फाइल फुकट उघडून देण्याची तयारी. ही चिठ्ठी मला ओळखीची होती. स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात त्या घराण्याचं हे रॅन्समवेअर. वानाक्राय नावाचं रॅन्समवेअर २०१७ च्या मे महिन्यात विंडोजच्या एका भोकातून आपोआप एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरलं होतं. याचं तसं नाही. याला घरातलंच कुणीतरी दार उघडून आत घेतं.

एडिटिंग करणाऱ्या पोराने अल्बमच्या एका महागड्या सॉफ्टवेअरचा क्रॅक उतरवला होता. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं, अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर क्रॅक चालणार नाही. त्याने बंद केला. मग विंडोज अपडेटची खिडकी आली आणि टक्के चढायला लागले. ती खिडकी खोटी होती. तिच्यामागे एकेक फाइल कुलूपबंद होत होती. पोरगं कोपऱ्यात मान खाली घालून उभं होतं. त्याला रागावण्यात मला अर्थ वाटला नाही. महिन्याला मिळणाऱ्या पैशांत ते सॉफ्टवेअर कुणालाच परवडलं नसतं.

व्हायरस काढणं हा यातला सोपा भाग. दुसऱ्या स्वच्छ मशीनवर बनवलेल्या बूटेबल पेनड्राइव्हवरून स्कॅन केलं. युजरच्या ॲपडेटामध्ये भलत्याच नावाच्या फोल्डरात त्याची प्रत बसली होती, ती काढली. टास्क शेड्यूलरमध्ये ‘टाइम ट्रिगर टास्क’ नावाचं काम लावलेलं होतं. तेच त्याला पुन्हा पुन्हा जागं करतं आणि नवीन डिस्क जोडली की तिच्यावरही हात मारतं. होस्ट्स फाइलमध्ये सिक्युरिटी कंपन्यांच्या साइटी अडवून ठेवल्या होत्या, त्या ओळी पुसल्या. हे रॅन्समवेअर बहुतेक वेळा पासवर्ड चोरणारा जोडीदार बरोबर आणतं. म्हणून स्टुडिओवाल्यांना त्यांच्या मोबाइलवरून, त्या मशीनवरून नव्हे, बँकेचे आणि ईमेलचे सगळे पासवर्ड बदलायला लावले.

एवढं झाल्यावर त्यांनी विचारलं, “मग आता फोटो उघडतील ना?”

हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी उत्तर देताना जीव कसनुसा होतो. चोर घरातून गेला तरी त्याने लावलेलं कुलूप तसंच राहतं. अँटिव्हायरस कितीही चांगला असो, त्याच्याकडे किल्ली नसते.

किल्ली मिळण्याची एक वाट असते. हे रॅन्समवेअर चालू होताना त्याच्या सर्व्हरशी बोलू शकलं, तर या मशीनपुरती वेगळी किल्ली आणतं. बोलणं झालं नाही, तर स्वतःसोबत आणलेली एकच किल्ली सगळीकडे वापरतं. चिठ्ठीतल्या आयडीची शेवटची दोन अक्षरं ‘टी१’ असली, तर ती दुसऱ्या प्रकारातली. तशी किल्ली संशोधकांच्या हाती लागली असेल, तर एम्सिसॉफ्टच्या फुकट डिक्रिप्टरने फाइली उघडतात. त्याची वाट ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवरूनही सापडते. युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी दोन सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये ती सुरू केली. आमच्या आयडीच्या शेवटी ‘टी१’ नव्हतं.

स्टुडिओवाले पैसे भरायला निघाले होते. साधारण छत्तीस हजार रुपये. मी त्यांना दोन दिवस थांबा म्हणालो, कारण या रॅन्समवेअरची एक खोड मला माहीत होती. लवकर उरकावं म्हणून ते प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा भाग, सुमारे १५० केबी, कुलूपबंद करतं. चार जीबीच्या व्हिडिओत १५० केबी म्हणजे काहीच नाही. बाकीचं चित्र आणि आवाज जसाच्या तसा आत असतो, फक्त प्लेअरला तो वाचता येत नाही.

म्हणून आधी सगळ्या बिघडलेल्या फाइली, चिठ्ठीसकट, एका कोऱ्या डिस्कवर उतरवल्या. मग त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर एक छोटा व्हिडिओ काढून नमुना म्हणून दिला आणि दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरने त्याच्या आधारे लग्नाच्या फाइलींचं तोंड नव्याने बांधलं. पहिल्या व्हिडिओत मंगलाष्टका ऐकू आल्या तेव्हा स्टुडिओवाल्यांच्या मिसेस आतून धावत आल्या. सुरुवातीचे काही क्षण गेले होते, बाकी लग्न होतं.

फोटोंचं काम किचकट निघालं. काहींचा वरचा पट्टा गेला, काहींचे रंग बिघडले. तेव्हा मी कॅमेऱ्याची कार्डं मागितली. दोन कार्डं फॉरमॅट केली होती, पण त्यांवर पुढचं शूटिंग झालं नव्हतं. फोटोरेक या फुकट सॉफ्टवेअरने त्यांतून मूळ फोटो धडधाकट बाहेर आले. तिसऱ्या कार्डावर एका बारशाचं शूटिंग झालं होतं, त्यातलं मागचं पुसलं गेलं होतं.

उधारीच्या एक्सेल फाइली मात्र मिळाल्या नाहीत. त्या इतक्या छोट्या की १५० केबीत अख्ख्या कुलूपबंद झाल्या. स्टुडिओवाल्यांनी पावतीपुस्तकं काढून त्या हिशेबाला पुन्हा हात घातला. मधल्या काळात इंटरनेटवरून कुणीतरी ‘शंभर टक्के फाइली उघडून देतो’ म्हणत ॲडव्हान्स मागत होता. मी तो नंबर ब्लॉक करायला लावला आणि सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला त्यांच्यासोबत बसलो.

विंडोज नव्याने टाकलं ते सर्वांत शेवटी, सगळं निघाल्यावर. बिघडलेल्या फाइलींची डिस्क कपाटात ठेवायला सांगितली आहे. कारण टेस्लाक्रिप्ट नावाचं दुसरं एक रॅन्समवेअर चालवणाऱ्यांनी २०१६ मध्ये स्वतःहून मास्टर किल्ली देऊन टाकली होती आणि ज्यांनी फाइली जपल्या होत्या त्यांना त्या परत मिळाल्या. आता स्टुडिओत दोन डिस्का आहेत. शूटिंग झालं की एकीवर उतरवतात आणि वायर काढून ठेवतात, दुसरी स्टुडिओवाल्यांच्या घरी असते. दुसरीवर कॉपी पूर्ण झाल्याखेरीज कार्ड फॉरमॅट करायचं नाही, हे त्या पोराने स्वतः कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं आहे.