गाजराची प्रतिमा

चित्रांतला ससा बहुधा गाजर खातानाच भेटतो. वर्गात प्रतिमांची चिकित्सा शिकवणाऱ्या आम्हां दोघांना या प्रतिमेकडे मात्र कधी संशयाने पाहावेसे वाटले नाही. घरात ससा आला आणि गाजर, केळे, चतकोर बिस्किट असे त्याचे लाड सुरू झाले. एका सकाळी त्याने अन्नावरून तोंड फिरवले. पिंजऱ्यात लेंड्याही नव्हत्या.

पशुवैद्यांनी आम्हांला फैलावर घेतले. ससा अर्धा दिवस उपाशी राहणे हे जिवावरचे संकट असते. त्याचे पचन तंतूंवर चालते. साखर आणि पीठ यांनी आतड्यांतील जिवाणूंचा तोल ढळतो. दातही जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजतात गवत चावूनच. म्हणून वाळलेले गवत हेच त्याचे मुख्य अन्न. खाऊ म्हणून कोथिंबीर, पुदिना, गाजराचा पाला द्यावा. गाजराची मात्र क्वचित एखादी चकती. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला वर्ज्य.

गिनीपिगचे पथ्यही जवळपास हेच. पण माणसाप्रमाणेच त्याच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. त्यामुळे त्याला ढोबळ्या मिरचीचा तुकडा रोज हवा.

ससा वाचला. आता फवारणी न झालेल्या दूर्वा धुऊन त्याच्यापुढे ठेवतो, तेव्हा तो तन्मयतेने खातो. आमच्या त्या लाडांत त्याच्या भुकेपेक्षा आमची हौसच अधिक होती, हे मान्य करताना आजही संकोच वाटतो.