मागल्या जन्माची बाकी

आमच्या घरात पुनर्जन्म कुणी मानत नाही, पण बोलण्यात तो रोज असतो. दुधात तोंड घालणाऱ्या मांजरीला आजी मागल्या जन्मीची वैरीण म्हणायची. उसने पैसे बुडवणाऱ्याचा विषय वडील ‘मागच्या जन्मीचं देणं लागत असेन त्याचं’ असं म्हणून संपवायचे. हीच माणसं रविवारी चर्चमध्ये उभी राहून देहाच्या पुनरुत्थानावर आपला विश्वास असल्याचं एका सुरात सांगायची. कुणालाही त्यात वावगं वाटत नसे. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती माणसाचं हे असंच आहे. धर्म एका पिढीत बदलता येतो, तोंडातली म्हण तीन पिढ्या जागची हलत नाही.

अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं. आमच्या घराण्यात बाप्तिस्मा आला तो मात्र १८७६-७८ च्या दुष्काळानंतर. त्यामुळे ‘पोटासाठी बाटले’ हे आम्ही लहानपणापासून ऐकलं आहे. असेलही. भुकेल्याने भाकरीसाठी काही केलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. पण आजोबा त्यांच्या वडिलांबद्दल आणखी एक गोष्ट सांगत. गावकुसाबाहेर जन्माला आलास, कारण मागच्या जन्मी तसंच काहीतरी करून ठेवलं असशील, हे त्या माणसाने आयुष्यभर ऐकलं होतं. पाटलानेही सांगितलं, भटजींनीही सांगितलं आणि, वाईट म्हणजे, स्वतःच्या बापानेही सांगितलं. मग एक परका माणूस मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, की तू याआधी कधी जन्मलाच नव्हतास, तुला देवाने पहिल्यांदाच केलंय. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा एका वाक्यात रद्द झाली. पणजोबांना त्रैक्य कळलं होतं की नाही कोण जाणे, पण हे कळलं होतं.

पुढे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात याच दुखण्यावर बोट ठेवलं. मागल्या जन्मीच्या कर्माने आजची स्थिती ठरते असं मानलं, की गरिबाच्या हालांची जबाबदारी झटकायला सरकार आणि समाज मोकळे होतात, असा त्यांचा रोख होता. ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आला. आमच्या पणजोबांना लिहिता येत नव्हतं, नाहीतर त्यांनीही असंच काही लिहिलं असतं, असं मला उगाचच वाटतं.

योहानाच्या शुभवर्तमानातला नववा अध्याय मी या नजरेने वाचतो. रस्त्यात एक जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? प्रश्न नीट पाहावा. जन्मतःच आंधळा असलेल्याने स्वतः पाप केलं असेल तर ते जन्माआधीच केलेलं असणार. म्हणजे यरुशलेमच्या रस्त्यावरही मागल्या बाकीची चौकशी चालू होती. येशू दोन्ही पर्याय फेटाळतो. मग जमिनीवर थुंकून चिखल करतो, तो त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर जाऊन धुवायला सांगतो. देवाची कामं याच्या ठायी दिसावीत, एवढाच खुलासा. तोही मला पूर्ण पटतो असं नाही, कारण देवाची कामं दिसावीत म्हणून एखाद्याने इतकी वर्षं अंधारात का काढावीत? पण चिखल कालवणारे हात मला पटतात. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, असं येशू तिथेही बजावतो. लगेच ‘तुम्हीही पश्चात्ताप करा’ म्हणून ऐकणाऱ्यांनाही धारेवर धरतो, हे सोयीस्करपणे विसरू नये.

हे सगळं मला पुस्तकातून कळण्याआधी आत्याच्या ओट्यावर दिसलं होतं. तिच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. हात कोपरात आखडलेले, मान एका बाजूला कललेली. आत्या त्याचं डोकं डाव्या हाताच्या वळीत धरायची, वरणभात बोटांनी पार लगदा होईस्तोवर कुस्करायची, एक लहान घास जिभेच्या मागच्या बाजूला ठेवायची आणि गळ्याची हालचाल होईपर्यंत थांबायची. मग पदराने हनुवटी पुसून पुढचा घास. एका जेवणाला तासभर लागे. शेजारच्या काकू येऊन बसत आणि प्रेमानेच म्हणत, भोग आहेत बाई, मागल्या जन्मीचे, भोगून संपवायचे. आत्या ऐकून घ्यायची. शेजार सांभाळायचा होता.

काकूंचं राहू द्या. आमच्यातलेच एक प्रचारक तालुक्याच्या ठिकाणी मोठा मांडव घालून सभा घेत. त्यांनी आत्याला सांगितलं, की तुमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्यांचा शाप आहे, पूर्वजांनी मूर्तिपूजा केली त्याची फळं हे पोर भोगतंय, उपास करून शाप तोडावा लागेल. मला त्या दिवशी कळलं, की पुनर्जन्म नाकारला तरी हिशेबाची वही काही फाटत नाही. जन्माच्या जागी खापरपणजोबा घातले की झालं. शिष्यांनी विचारलेल्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तोच तर होता. काकूंनी निदान उपास तरी सांगितला नव्हता.

आमच्या एका स्नेह्यांचं म्हणणं असतं, की बायबलात पुनर्जन्म होता, पुढे धर्मसभेने तो काढून टाकला. ते ५५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेचा दाखला देतात. त्या काळात ओरिगेन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताच्या नावावरच्या मतांचा धिक्कार झाला हे खरं. पण तो वाद देहाआधी आत्मा अस्तित्वात असतो की नाही, याचा होता. एकाच आत्म्याने देहामागून देह बदलण्याची कल्पना ओरिगेनने मत्तयावरच्या आपल्या भाष्यात स्वतःच खोडून काढली आहे, तीही बाप्तिस्मा करणारा योहान म्हणजे पुन्हा आलेला एलीया संदेष्टा का, या प्रश्नाच्या निमित्ताने. शिवाय बायबलचं चौथ्या शतकातलं सिनाई हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. दोनशे वर्षांनी भरणाऱ्या सभेला त्यातून काही गाळता येणार नव्हतं. स्नेही हे ऐकून घेतात आणि पुढच्या भेटीत पुन्हा तेच सांगतात.

तरी त्यांच्या ओढीमागचं कारण मला कळतं. एकच जन्म हा कडक कायदा आहे. जन्मून दोन तासांत गेलेल्या बाळाचं काय? ज्याला धड संधीच मिळाली नाही त्याचा कायमचा निवाडा साठ-सत्तर वर्षांच्या कमाईवर कसा करायचा? इथे पुनर्जन्म जास्त दयाळू वाटतो, आणि तसं वाटलं की मी स्वतःला दटावत नाही. तुकोबांनी तर मोक्षही बाजूला सारला. देवाचा विसर पडू नये, संतांची संगत मिळावी, मग पुन्हा जन्माला घातलंस तरी चालेल, असा त्यांचा सौदा. जन्म ही तिथे शिक्षाच नाही. त्याच तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं नारायण वामन टिळक सांगत. मला तो पूल परतीच्या वाटेलाही वापरावासा वाटतो, थोडं अलीकडे येऊन पाहण्यापुरता.

पण प्रत्येक वेळी मी परत पलीकडे जातो ते जखमा पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या थोमा या शिष्यामुळे. पुनरुत्थित येशू शिष्यांसमोर येतो तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत, कुशीतली जखम आहे. मरणावर मात करून आलेल्या देहावर निदान एवढं तरी नसायला हवं होतं. पुनर्जन्मात देह नवा आणि आठवण पुसलेली, म्हणजे जो भोगतो त्याला आपण कशासाठी भोगतोय हेच ठाऊक नाही. इथे देह उजळलेला आहे, तरी घडलेलं पुसलेलं नाही. तोच माणूस, त्याच खुणांसकट.

आत्याचा मुलगा तिशीच्या आत गेला. दफनविधीनंतर पाळकसाहेब घरी आले आणि वर गेल्यावर तो धावेल, त्याचे हात सरळ होतील, असा धीर देऊ लागले. आत्या थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘सरळ होतील म्हंता, मग मी त्याला वळखायचं कसं?’’ पाळकसाहेब हुशार गृहस्थ, त्यांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला नाही, चहा घेतला. मी तेव्हा थोमाचं बोलायला हवं होतं असं आता वाटतं, पण त्या घरात त्या दिवशी कुणी अध्याय सांगू लागलं असतं तर मीच त्याला बाहेर काढलं असतं.

आजोबांचा प्रश्न वेगळा होता, आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्या घराण्यांत तो बहुतेक ठिकाणी निघत असे. मिशन यायच्या आधी जे मेले त्यांचं काय? त्यांच्या आज्याने तर येशूचं नावही ऐकलं नव्हतं. एका जन्माचा कायदा त्याला लावला तर तो गेलाच. कुणीतरी त्यांना सांगितलं, की देवाच्या कृपेवर सोडा. आजोबांना उधारीवर सोडणं माहीत होतं, त्यामुळे समाधान झालं नाही. मग त्यांना पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, ख्रिस्ताने तुरुंगातल्या आत्म्यांपुढे जाऊन घोषणा केल्याचा उल्लेख सापडला. त्या जागेवर पंडितांचे किती वाद आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यांनी एवढंच धरलं, की शुक्रवारी मेल्यावर आणि रविवारी उठण्याआधी येशू स्वस्थ पडून राहिला नव्हता. तो खाली गेला होता, आणि खाली गेला म्हणजे आपल्या आज्याला भेटल्याशिवाय कसा येईल? तेव्हापासून रविवारी एका सुरात म्हणायच्या मतांगीकारात तो अधोलोकात उतरल्याचं वाक्य आलं, की आजोबांचा आवाज सगळ्या चर्चच्या वर चढायचा. पुढच्या बाकावरची पोरं वळून पाहायची, आजी कोपराने ढोसायची, आणि ते पुढची वाक्यं पुन्हा इतरांच्या आवाजात म्हणायचे.