मूर्तिजापूर: आगगाडीचें पाणी आणि विमानाचें पेट्रोल

मुंबईहून नागपुरास जाणाऱ्या लोहमार्गावर अकोला आणि बडनेरा यांच्या दरम्यान मूर्तिजापूर लागतें. काळी कसदार जमीन, कपाशीचीं शेतें आणि गाडगेमहाराजांचें बालपण जेथें गेलें तें तालुक्यांतील दापुरें गांव, एवढ्यानेंही हें स्थळ वऱ्हाडांतील मनुष्यास प्रिय व्हावें. परंतु मूर्तिजापूरचें नांव दूरवर नेलें तें 'शकुंतला' या लहान आगगाडीनें. अडीच फूट रुंदीच्या तिच्या मार्गाची एक शाखा अचलपुराकडे व दुसरी यवतमाळाकडे जाते. दोन्ही मिळून लांबी सुमारें 190 किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेस लावण्यासाठीं किलिक-निक्सन कंपनीनें हा मार्ग घातला.

गेल्या पौषांत आम्ही नातवासह तेथें उतरलों. लहान गाडी बंद पडून कांहीं वर्षें लोटलीं आहेत. 1921 सालीं मँचेस्टर येथें घडविलेलें वाफेचें इंजिन या मार्गावर सुमारें सत्तर वर्षें राबलें, आणि 15 एप्रिल 1994 रोजीं त्याचें काम डिझेल इंजिनाकडे गेलें. वऱ्हाडचा कापूस विलायतेस जावा म्हणून विलायतेचें इंजिन वऱ्हाडांत आलें! हें ऐकून नातू म्हणाला, "आजोबा, इंजिन बदललें म्हणजे नुसतें इंजिन बदलत नाहीं. कोळसा गेला, पाणी गेलें. तेलाची टाकी, नळ्या, गाळण्या आल्या. इंजिन बसविणें म्हणजे त्याच्या अन्नपाण्याची सोय लावणें." मुलगा यंत्रविद्येचा अभ्यास करतो. त्याचें हें वाक्य आमच्या मनांत घर करून राहिलें.

बडनेऱ्याजवळ बेलोरा येथें एप्रिल 2025 पासून प्रवासी विमानें उतरूं लागलीं आहेत. म्हणून बोलणें ओघानें विमानांकडे वळलें. विमान घरीं बांधतां येतें काय? येतें. मुंबईस कांदिवलींतील चारकोप भागांत कॅप्टन अमोल यादव या वैमानिकानें आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. त्या घरींही आपल्यासारखेंच एकत्र कुटुंब. लिफ्ट नसलेल्या त्या इमारतीच्या अरुंद जिन्यावरून परदेशाहून आणलेलें 180 किलो वजनाचें इंजिन वर चढविलें गेलें. 2016 सालीं तें विमान मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत मांडलें गेलें. त्याची नोंदणी 2017 सालीं झाली व उड्डाणाची परवानगी 2019 सालीं मिळाली.

असें इंजिन गच्चीवर पोहोंचलें म्हणजे विमान झालें नाहीं. खरें काम पुढेंच असतें. पोलादी नळ्या जोडून केलेल्या चौकटीवर इंजिन बसवितात व मध्यें रबराचे ठोकळे घालतात, म्हणजे त्याच्या थरथरीनें सारें विमान खिळखिळें होत नाहीं. इंजिन व वैमानिक यांच्यामध्यें पोलादी पत्र्याची आडभिंत असते. ॲल्युमिनिअम सुमारें 660 अंश उष्णतेवर वितळतें; आग अडविण्याचें काम त्याच्यानें होत नाहीं. पेट्रोलच्या टाक्या बहुधा पंखांत, विमानाच्या तोलबिंदूच्या आसपास ठेवितात. नाहीं तर पेट्रोल जसजसें सरेल तसतसा तोल ढळेल.

पंख वरच्या बाजूस असतील तर पेट्रोल आपल्याच भारानें इंजिनाकडे उतरतें. पंख खालीं असतील तर तें पंपानें चढवावें लागतें, आणि एक पंप थांबला तर दुसरा तयार असावा लागतो. टाकींत हवा शिरण्यास वाट हवी. तेलाच्या डब्यास एकच भोक पाडलें तर तेल अडखळत पडतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तोच न्याय येथें. कुंभारमाशीनें त्या वाटेंत मातीचें घर केलें, तर टाकी भरलेली असतांही इंजिन उपाशी राहतें. वऱ्हाडच्या वैशाखांत तापलेल्या धुराच्या नळीजवळून पेट्रोलची नळी नेली, तर आंतल्या आंत वाफ होऊन प्रवाह तुटतो. जी वाफ शकुंतलेचें बळ होती, तीच येथें घात करते. पाण्याचेंही तसेंच. पाणी पेट्रोलपेक्षां जड, म्हणून तें टाकीच्या तळाशीं बसतें. यासाठीं तळाशीं लहान तोटी ठेवून उड्डाणापूर्वीं थोडें पेट्रोल पेल्यांत काढून पाहतात. वाफेची आगगाडी पाण्यावांचून अडे. विमान पाण्यानें पडे.

शेवटीं परीक्षा. विमानाचें नाक तीव्र चढाच्या कोनांत उचलून, इंजिनापाशीं नळी सोडवून, ठराविक वेळांत किती पेट्रोल येतें तें मोजतात. पूर्ण जोरांत इंजिनास जितकें लागेल, त्याच्या दीडपट पेट्रोल आपल्या भारानें उतरलें पाहिजे. पंप असेल तर सव्वापट. बरोबर पुरेल इतकें चालत नाहीं. आगगाडीचें इंजिन थांबलें तर प्रवासी उतरून बाभळीखालीं बसतात. आकाशांत बाभूळ नाहीं.

17 डिसेंबर 1903 रोजीं राइट बंधूंचें विमान उडालें, तेंही एक प्रकारें घरगुतीच. त्याचें बारा अश्वशक्तीचें इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानांतील कारागीर चार्ली टेलर यानें सुमारें सहा आठवड्यांत घडविलें. पंप नव्हताच; वर बसविलेल्या लहानशा टाकींतून पेट्रोल आपोआप उतरे. त्या दिवसाचें सर्वांत लांब उड्डाण 59 सेकंदांचें.

संस्कृताच्या अध्यापनांत आयुष्य गेल्यामुळें 'आपल्याकडे पूर्वीं विमानें होतीं' हें वाक्य आमच्या कानीं वारंवार येतें. रामायणांतील पुष्पक स्वामीच्या इच्छेनें चालतें. तेथें टाकी, नळी, तोटी यांची चिंता नाहीं, आणि काव्यास ती नसावी हेंच योग्य. परंतु 'वैमानिकशास्त्र' म्हणून जो ग्रंथ पुढें केला जातो, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं 1974 सालीं तपासला. ग्रंथ विसाव्या शतकांतील असून त्यांतील विमानें उडण्याजोगीं नाहींत, असा त्यांचा निर्णय झाला. पुष्पकाचा अभिमान सांगणाऱ्या घरांतच मुलाचे हात तेलानें काळे झाले कीं वडील माणसें कपाळास आठी घालतात, हें आम्हांस विसंगत वाटतें.

मूर्तिजापूरच्या इंजिनावर मँचेस्टरची मुद्रा होती. चारकोपच्या गच्चीवरील इंजिनही बाहेरून आलें. पुढचें इंजिन आपल्या मुलांच्या हातचें व्हावें असें वाटत असेल, तर पापड-कुरडयांच्या वाळवणाशेजारीं गच्चीचा एक कोपरा त्यांच्या हत्यारांस द्यावा, एवढीच वाचकांस विनंती.